पाणी, मुतारी आणि मूत्रपिंड



या व्यासपीठावरून आपण दर वसंतात संतवाङ्मय ऐकता, शिवकाल ऐकता, अर्थसंकल्पाची चिरफाड ऐकता. चिटणिसांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा आम्ही संपाच्या आठवणी सांगू अशी त्यांची कल्पना होती. आम्ही विषय कळविला तो लघवीचा. ते जरा घुटमळले, आणि मग पत्रिकेत त्यांनी 'मूत्रविकार व त्यांची निगा' असे सोवळे नेसवून तो छापला. त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु बोलताना आम्ही लघवीला लघवी आणि मुतारीला मुतारीच म्हणणार आहोत, कारण हे विकार संकोचाच्या आडोशाने वाढतात असा आमचा अनुभव आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि यंत्रमागाच्या खडखडाटात झाले. सोलापुरात मागवाल्यांची व विडी वळणाऱ्या बायांची संघटना बांधताना तीस वर्षे गेली. आज जे सांगणार ते डॉक्टरांना विचारून आणि पुस्तकांतून ताडून घेतलेले आहे. औषधाची चिठ्ठी मात्र आमच्याकडे कोणी मागू नये.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक कारण घडले, आणि ते आमच्या कमीपणाचे आहे. २००४ साली शहराबाहेरच्या एका टॉवेलांच्या कारखान्यात आम्ही मागण्यांचे पत्रक दिले. एकंदर सोळा मागण्या होत्या. बायकांसाठी वेगळी मुतारी ही चौदावी. बैठकीत घासाघीस सुरू झाली, मालकाने पगारवाढीत थोडे सैल सोडले, आणि त्या बदल्यात आम्ही जी पहिली मागणी खोडली ती चौदावी. कोणी आम्हांस भाग पाडले नव्हते. आमच्याच पेनाने खोडली. बाहेर आल्यावर टॉवेलांच्या घड्या घालणारी एक बाई म्हणाली, "अण्णा, पगार वाढला ते बरं झालं. पण पाणी पिलं की जायचं कुठं, ते नाही सांगितलं." त्या खात्यातल्या बायका सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट टाळीत, हे आम्हांस त्या दिवशी कळले. तोवर आमच्या डोक्यात मुतारी म्हणजे सोय होती. ती प्रकृतीची बाब आहे हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे गेली.

मूत्रपिंडे दोन. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. हृदय मिनिटाला जेवढे रक्त फेकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन पिंडांकडे जातो. दिवसाकाठी त्यांतून १८० लीटरच्या आसपास द्रव गाळला जातो, आणि त्यातला दीड-दोन लीटर सोडून बाकी सारा शरीर परत घेते. टाकायचे ते टाकणे आणि ठेवायचे ते ठेवणे, ही निवड तेथे अहोरात्र चालू असते. शिवाय रक्तदाब सांभाळणे, हाडांना लागणारे 'ड' जीवनसत्त्व कामास लावणे आणि रक्तातील तांबड्या पेशी बनविण्याचा हुकूम सोडणे हीही कामे त्यांचीच. म्हणूनच मूत्रपिंड बिघडलेला माणूस पांढरा फटक दिसतो. पिंडांतून दोन नळ्या मूत्राशयात उतरतात, मूत्राशयातून एक मार्ग बाहेर जातो. या साऱ्या वाटेवर कोठेही अडथळा किंवा जंतू शिरला की त्रास सुरू होतो.

आता मुतखडा. याविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो, कारण २०११ च्या मे महिन्यात ऐन वाटाघाटीच्या बैठकीत आमचा खडा सरकला. कमरेच्या मागून निघालेली कळ जांघेपर्यंत उतरते, बसवत नाही, उभे राहवत नाही, ओकारी येते. समोरच्या पक्षास वाटले हा सभात्यागाचा नवा प्रकार आहे.

खडा होतो तो मुख्यतः लघवी दाट झाल्यामुळे. पाक आटला की भांड्याच्या कडेला साखर धरते, तसे लघवीतले क्षार एकत्र येतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. सोलापूरचा उन्हाळा आपणास सांगायला नको; त्यात मागाच्या शेडची तऱ्हा अशी की कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून दमटपणा हवा, आणि तूस उडते म्हणून वाऱ्याला बंदी. मजुरी नगावर. पाणी प्यायला किंवा लघवीला माणूस हलला की माग थांबतो आणि पैसे कमी होतात. घाम निथळतो, पाणी पोटात जात नाही, लघवी दाटते. लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. आमचे मत असे की पाणी जड असण्यापेक्षा ते कमी पडणे हा मोठा दोष आहे.

पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपोआप पडतात. दहाच्या पुढचे क्वचितच. मोठ्या खड्यांसाठी बाहेरून धक्कालहरींनी फोडणे किंवा दुर्बिणीने काढणे हे उपाय आहेत. आमचा खडा पाचाचा होता, सतरा दिवसांनी पडला. तो डॉक्टरांकडे तपासणीस द्यावा, टाकू नये, कारण खडा कशाचा हे कळले म्हणजे पथ्य ठरते. एकदा खडा झालेल्यांपैकी पुष्कळांना काही वर्षांत तो पुन्हा होतो. तो टाळण्याचा पहिला उपाय पाणी: दिवसाला दोन-अडीच लीटर लघवी होईल इतके. उन्हाळ्यात त्यासाठी तीन-चार लीटर प्यावे लागते. दुसरा उपाय मीठ कमी करणे. दूध मात्र सोडू नये. खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध सोडणारे पुष्कळ भेटतात. पण अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवते आणि ते लघवीपर्यंत पोहोचू देत नाही. टोमॅटोच्या बियांना विनाकारण बदनाम केले आहे. हुलग्याचे माडगे पिणाऱ्यांना आम्ही अडवीत नाही, त्यात पाणीच पुष्कळ असते. बिअरने खडा पडतो असे सांगणारे स्नेही प्रत्येक खात्यात असतात. त्यांना खड्यापेक्षा बिअरची चिंता अधिक असते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर माडगे-काढ्यांत एक रात्रही घालवू नये. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर जीव जातो.

ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात, ती जळजळ नुसत्या दाट लघवीनेही होते आणि जंतूंनीही होते. धने-जिऱ्याचे पाणी पिऊन दिवसभरात उतरली तर ठीक. परंतु वारंवार जावेसे वाटणे, थेंबथेंब होणे, घाण वास, ओटीपोटात दुखणे ही जंतूंची चिन्हे होत. हे जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांचा वीसच्या आसपास. त्यामुळे स्त्रियांत जंतूंना वाट जवळची पडते. वेळच्या वेळी भरपूर लघवी झाली की जंतू धुऊन निघतात. ती तासन् तास कोंडली, आणि कोंडावी लागू नये म्हणून पाणीच सोडले, की जंतूंना मुक्कामाला घर मिळते. शौचानंतर पुढून मागे धुवावे, हे मुलींना लहानपणी कोणी सांगत नाही, आयांनी सांगावे. गरोदर स्त्री, लहान मूल किंवा पुरुष यांना हा त्रास झाला तर तपासणी केल्याशिवाय राहू नये. पाठीत दुखून ताप व ओकारी आली तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले असे समजावे. जंतुनाशक गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्या. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारणीला देण्याची आपल्याकडे फार उदार रीत आहे. तिने दोघींचेही नुकसान होते, कारण अर्धवट मारलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत.

घड्या घालणाऱ्या त्या बाईस पुढे दोनदा असा ताप आला. दुसऱ्या वेळी नऊ दिवस ती रुग्णालयात होती. खाडा धरून तिचे जे पैसे गेले त्याचा हिशेब आम्ही मांडला, तेव्हा तो आम्ही मिळविलेल्या वर्षभराच्या पगारवाढीपेक्षा अधिक निघाला.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी, स्त्रीपुरुषांना वेगवेगळ्या मुताऱ्या, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी मालकावर बंधनकारक केले होते. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पाण्याची व मुताऱ्यांची जबाबदारी तिच्यातही मालकाचीच आहे. परंतु लहान शेडपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही, आणि घरी विडी वळणारी बाई तर कोणत्याच मुतारीच्या हिशेबात नाही. माल जमा करण्याच्या रांगेत तिचा अर्धा दिवस उन्हात जातो. केरळात कापडदुकानांतील विक्रेत्या बायकांनी मुतारीसाठी आणि बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, व २०१८ साली तेथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी चळवळ चालली. आमच्या मोठमोठ्या संघटनांनी हे विषय बायकांवर सोडून दिले होते, हे आम्ही कबूल करतो. वास्तविक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. माणसाला मधे थांबावे लागते, ही गोष्ट त्यांना तेव्हाच कळली होती.

खडा ओरडतो, उन्हाळी जळजळते. खरे भय आहे ते मुक्या आजाराचे. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होताना दुखत नाहीत. आमचा एक जोडीदार, मागावरचा, अंगाने दणकट. उभ्याचे काम, गुडघे आणि कंबर दुखायची. औषधाच्या दुकानातून रोज दोन गोळ्या घेई, वर्षानुवर्षे. घामाने भिजलेला, पाणी कमी, आणि वर ही दाहशामक गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. शरीर कोरडे असताना तर अधिकच. त्यातून त्याला रक्तदाब होता, तो कधी मोजलाच नव्हता. पाय सुजले, तोंडाची चव गेली, भूक मेली, तेव्हा तो आला. तपासणी झाली त्याच आठवड्यात डायलिसिस सुरू करावे लागले. त्याचे वय त्रेचाळीस होते.

मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. दोन्ही मुके. यासाठी तपासण्या दोन, दोन्ही स्वस्त. एक रक्तातील क्रिएटिनिन. दुसरी लघवीतून प्रथिन जाते की काय ही. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये, कारण पिंडांचे निम्मे काम थांबेपर्यंत तो आकडा फारसा चढत नाही. लघवीतले प्रथिन त्याआधी बोलते. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो टिकत असेल, सकाळी डोळ्यांखाली सूज येत असेल, तर वाट पाहू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्या. वेळेवर कळले तर हा आजार पुष्कळ वर्षे रोखता येतो: रक्तदाब आवरणे, साखर आवरणे, दिवसाला चमचाभराहून अधिक मीठ न खाणे, तंबाखू सोडणे, आणि मूत्रपिंडाला आधार देणारी जी औषधे आज मिळतात ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे. 'किडनी साफ करणारी' म्हणून विकली जाणारी पुडकी घेऊ नयेत. काहींत पारा व शिसे सापडले आहे, आणि ती पिंडे साफ करतात ती वेगळ्याच अर्थाने.

परंतु ज्यांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशांचीही मूत्रपिंडे जातात. २००२ साली मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहिले की त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळ पुरुषांत ही नेहमीची कारणे सापडतच नाहीत. त्यांत समुद्रकाठच्या सखल भागातले शेतमजूर फार. निकाराग्वातही तेच, आणि तेथे बळी पडत होते ते बहुतेक ऊस तोडणारे. कारणाचा निकाल अजून पुरा लागलेला नाही, परंतु उन्हात अंगमोड कष्ट, घाम आणि अपुरे पाणी यांच्याकडे संशयाचे मोठे बोट आहे. तेथे काही साखर कारखान्यांनी मजुरांना ठरावीक वेळाने पाणी, विश्रांती आणि सावली देण्यास आरंभ केला, आणि हंगामात मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली असे पाहणाऱ्यांना आढळले. आपल्याकडे आंध्रातील श्रीकाकुळम जिल्ह्याच्या उद्दानम भागातही असाच न उलगडलेला आजार आहे. आणि आमच्या जिल्ह्यात दर हंगामाला बीडकडून कोयता घेऊन जोड्या येतात. उसाच्या फडात सावली नाही, आडोसा नाही, खाडा केला तर दंड. त्यांच्या तोडणीच्या दरावर भांडणे होतात, व्हायलाच हवीत. पाणी-सावलीचा शब्द करारात घातलेला आम्ही अजून पाहिलेला नाही. उन्हातल्या कामात दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी मिळावे, इतके साधे ते कलम आहे.

आमच्या शहराशी संबंध असलेली आणखी एक गोष्ट. जर्मनीत १८९५ साली लुडविग रेन नावाच्या शस्त्रवैद्याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. बेंझिडीनसारख्या द्रव्यांपासून होणाऱ्या कित्येक रंगांवर पुढे बंदी आली. आपल्या देशात ती १९९० नंतरच्या दशकात आली. परंतु हा कर्करोग वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतो. ज्यांनी पूर्वी रंगाच्या हौदावर काम केले असेल, किंवा जे तंबाखू ओढतात, त्यांना न दुखता एकदाच लाल लघवी झाली तरी दाखवावे. दुखत नाही म्हणून सोडून देणे हेच तेथे घातक ठरते. बीट खाल्ल्यानेही लाल होते, पण बीट खाल्ले होते की नाही हे आपले आपल्यास ठाऊक असते.

पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या पुरुषांस पुरःस्थ ग्रंथीचा त्रास जडतो. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, रात्री तीन-चारदा उठणे. बहुतेकांची ती वाढ कर्करोगाची नसते, गोळ्यांनी आराम पडतो. पण तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर येतो. मित्रांत थट्टा करण्याऐवजी दाखवून घ्यावे.

येथपर्यंत आम्ही पाणी प्या, पाणी प्या, असे सांगितले. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर हाच उपदेश विषासारखा होतो. तेव्हा पाणी मोजून प्यावे लागते; आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात अर्धा लीटर मिळवून, असा साधारण हिशेब डॉक्टर देतात. आजाऱ्याच्या भेटीस जाताना शहाळे नेण्याची आपली रीत आहे. अशा रुग्णाकडे ते नेऊ नये. त्यातील पोटॅशियम बाहेर न पडल्याने हृदय बंद पडू शकते. केळ्यांचेही तेच. आमच्या जोडीदाराकडे पहिल्या आठवड्यात आम्ही चार शहाळी घेऊन गेलो होतो. परिचारिकेने ती दारातच ठेवून घेतली.

डायलिसिसचे यंत्र हा मात्र माणसाच्या हिकमतीचा मोठा नमुना आहे. विल्लेम कोल्फ या डच डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली कांपेन गावी पहिले उपयोगी यंत्र उभारले. मांसाच्या सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, आणि पिंपाखालचा हौद व इतर जोडकाम गावच्या एनॅमलच्या कारखान्याच्या मदतीने झाले. पहिले बरेच रुग्ण दगावले. १९४५ साली एक स्त्री वाचली. आज आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, रुग्ण यंत्राला जोडला जातो. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांस हे विनामूल्य मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि विमा कामगारांच्या रुग्णालयांतूनही सोय आहे. तरी आठवड्याचे तीन दिवस गेल्यावर नगावर काम करणाऱ्याची मजुरी काय उरते? मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया वेल्लोरला १९७१ पासून होते. दान करणारे थोडे आणि रांग लांब. आमच्या जोडीदाराला त्याच्या आईने पिंड देऊ केले, पण तिलाच मधुमेह निघाला. तो चार वर्षे यंत्रावर काढून गेला.

त्या टॉवेलांच्या कारखान्यात २०१३ साली आम्ही पुन्हा पत्रक दिले. या वेळी मागण्या अकराच होत्या आणि मुतारी पहिली. पगारावर आम्ही दोन पायऱ्या खाली आलो, तीवर आलो नाही. दोन मुताऱ्या बांधल्या गेल्या, पण पहिल्या महिन्यात बायका तिकडे फिरकल्या नाहीत. आतून कडी नव्हती. कडी बसविली, पाण्याचा नळ आत घेतला, मग जाऊ लागल्या. पुरुषांच्या खात्यातले पिण्याच्या पाण्याचे पिंपही तेव्हापासून दिवसातून दोनदा भरावे लागते.

आता एवढेच सांगावयाचे की उद्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या युनियनच्या कचेरीत लघवीची व रक्तदाबाची तपासणी आहे. श्रोत्यांपैकी कोणीही यावे, सभासदत्वाची पावती मागितली जाणार नाही. लघवी सकाळची पहिली आणावी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरावी. बाटली आजच दारापाशी ठेवलेल्या खोक्यातून घेऊन जावी. घरची औषधाची किंवा सरबताची बाटली धुऊन आणू नये. मागच्या वर्षी एका गृहस्थांना त्यापायी उगाच मधुमेह निघाला होता.